गरुडाच्या नाकात बाळकृष्ण

आंधळगाव,
श्रावण शुद्ध चतुर्थी

ती. पार्वतावहिनी यांच्या पायाशी सत्यवतीचा नमस्कार.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे, राग मानू नका. जुलै महिना मागून अगदी कोरा होता. भाऊच्या गुडघ्याला तेल लागू पडलं का? इकडे सगळे सुखरूप, म्हणजे पडून परत उठलेले. फोनच केला असता, पण आमचा फोन सध्या विमानाच्या पोटाला बांधलेला असतो (वरून व्हिडिओ काढायला, कोणाच्या छपरावर काय वाळत असतं ते सगळं कळलं).

तुम्हाला ठाऊकच आहे, आमचे हे मोटार वाइंडिंगचं दुकान सांभाळून दोन वर्षांपासून अर्धं हेलिकॉप्टर, अर्धं विमान असं यंत्र बनवत आहेत. चार पंख्यांनी जागच्या जागी वर चढायचं, मग शेपटाच्या पंख्यानं पुढे पळायचं, आणि पंखांनी भार घेतला की वरचे चारही पंखे बंद (पंखे वेगळे, पंख वेगळे, हे समजायला मला एक पावसाळा लागला). धावपट्टी नको, भाताच्या बांधीच्या हातभर रुंद धुऱ्यावरूनही उडेल, पुरात अडकलेल्या गावाला औषध नेईल. यांनी नाव ठेवलं गरुड. गाव म्हणतं कोंबडी. शेजारची शकुनबाई तर रोज विचारते, "काहो बाई, तुमची कोंबडी आज उडाली का बसली?"

मी मॅट्रिक पास, हिशेबाच्या वहीची सवय. म्हणून चाचण्यांची नोंद माझ्याकडे. डावीकडे 'चढलं', उजवीकडे 'पडलं'. सोळा वेळा चढलं, सोळा वेळा पडलं. वही बिनचूक जुळते. हेलिकॉप्टरचं विमान होण्याच्या त्या तीन सेकंदांत ते नाक आभाळाकडे करायचं आणि शेपटावर चिखलात बसायचं. अशातच नागपूरच्या एका कॉलेजाचं बोलावणं आलं: येऊन उडवून दाखवा, उडालं तर पुढच्या प्रयोगांना जागा आणि सामान देऊ. हे म्हणाले, "नाही उडालं तर तिथंच भंगारात देऊन येतो." त्या दिवशी भाजी अळणी झाली होती आणि यांनी मीठसुद्धा मागितलं नाही. मला ते बघवेना.

म्हणून सतराव्या वेळी, यांची पाठ फिरताच, मी नाकाच्या कप्प्यात देवघरातला पितळी बाळकृष्ण ठेवला, सोबत अक्षता, आणि हलू नये म्हणून भोवती फडकं. वहिनी, उडालं! सरळ चढलं, थरथरलं (मी डोळे मिटले), आणि पळालं की हो! शकुनबाईच्या घरावरून, तलावावरून, बगळ्यांना मागे टाकून, वळून परत धुऱ्यावर! शकुनबाईच्या हातातलं पाखडायचं सूप खाली पडलं. हे नाचले. भर धुऱ्यावर, माझा हात धरून (लग्नातही इतका घट्ट धरला नव्हता). मग मला समजावू लागले, पंख्यांचा कोन अर्धा अंश बदलला त्याचं हे फळ. मी हो हो म्हटलं आणि चिखल पुसायच्या निमित्तानं देव काढून घेतला. मुकुट जरा वाकडा, चेहरा प्रसन्न.

भाऊला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमची,
सत्यवती

ता. क. नागपूरचा दिवस नेमका जन्माष्टमीचा निघाला. देव तिकडे उडणार आणि इकडे भजनाच्या बायका रिकामा पाळणा हलवणार? तुमच्याकडे दोन बाळकृष्ण आहेत, एक तुमच्या माहेरचा, एक आईचा. आईचा तेवढा चार दिवसांसाठी बाबूलाल भांडेवाल्याच्या हाती पाठवा. तो पाळण्यात बसेल. आमचा उडायला सरावला आहे. यांना कळू देऊ नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला दुकानातला गोंद मागितला, तर यांनी पत्रच वाचलं. हसून हसून खाली बसले. "अवो, नाक हलकं होतं! वजन पाहिजे होतं, देव नाही!" बाळकृष्ण काट्यावर तोलला, तेवढेच नटबोल्ट कप्प्यात भरले. उडालं. अगदी तसंच. तेव्हा आईचा बाळकृष्ण पाठवू नका.

शेवटचं. पाठवाच. आत्ता जेवताना हे ताटात बघत म्हणाले, "नटबोल्ट बरोबर आहेत वो. पण नागपूरले मी एकटाच जाऊन राहिलो, सोबत पाहिजे ना. तुया वहिनीकडचा तो कवा येते?"