पहिलं उत्तर

आई, रायपूर राजधानी झालं तेव्हा तू म्हणाली होतीस, "आता तुले इथंच नोकरी भेटन बघ." भेटली. कोर्टातून नवरा-बायकोची भांडणं समझोत्यासाठी आमच्याकडे येतात. दोघांना समोरासमोर बसवण्याआधी वेगवेगळं भेटायचं, मारहाण आहे का, भीती आहे का, ते विचारायचं. भीती असेल तर समझोता नाही, फाइल परत न्यायाधीशांकडे. हे माझं काम.

तात्यापाऱ्यातल्या साडीच्या दुकानात तू शेठसमोर हसत हसत मला सांगायचीस, "रंग जाते याचा, उठ." शेठही हसायचा, त्याला काही कळायचं नाही. मराठीत बोललं की आपल्या दोघींपुरतं राहतं, हे माझ्या डोक्यात तिथंच बसलं. आज त्याबद्दल तुझा राग येतो, उगाचच.

गेल्या महिन्यात शंकर नगरचं एक जोडपं आलं. ती अमरावतीकडची, तो इथलाच, हिंदी बोलणारा. दुसरी खोली रिकामी नव्हती. त्याला बाहेर व्हरांड्यात पाठवायला हवं होतं, पण मी शहाणपणा केला. तो मोबाइल बघत बसलेला, आणि मी घरातलं काही विचारावं तसं तिला मराठीत विचारलं, "याचं भेव वाटते काय तुले?" तिचे डोळे भरले. "हव ताई. लय मारते. माह्या आईले नोका सांगू."

तो मान वर न करता म्हणाला, "दीदी, मैं तो तात्यापारा में ही पला हूँ. आधा मोहल्ला मराठी था."

मी त्याला लगेच बाहेर काढलं. पुन्हा विचारलं, हात धरून विचारलं. ती हिंदीतच बोलत राहिली, "कुछ नहीं दीदी, ऐसे ही मुँह से निकल गया." मग दोघं एकाच स्कूटरवर घरी गेली.

आज कोर्टात ती त्याच्या मागे उभी राहून त्याच्याविरुद्धचा खटला मागे घेत होती. मी विचारलं, "कशी आहेस गं?" म्हणाली, "ठीक हूँ, मैडम." न्यायाधीशांनी माझा कागद वाचला आणि परवानगी दिली. त्यात मी लिहिलं होतं: एकांतात विचारलं का? हो. भीती? नाही.

खोटं नाही गं ते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती एकटीच होती. पहिलं उत्तर मी लिहिलंच नाही. लिहिलं असतं, तर तेव्हा खोलीत कोण बसलं होतं, तेही लिहावं लागलं असतं.