चिमूरवाले आइस्क्रीम खात नाहीत

चांदा, १२ एप्रिल १९५७
शाळा सकाळची, तरी शिकवून परत येताना डोके तापते. दादाने चिमूरचे स्थळ आणले आहे. वामनराव, लाकडाच्या डेपोत कारकून. वय थोडे जास्त. माझेही काही कमी नाही. घर बरे, नोकरी बरी, आणि त्यांचे मागणे काहीच नाही. हेच खटकते. वहिनी म्हणाली, "तुले तं चांगलंबी खुपते."
त्यांची बहीण इथेच राहते, जटपुऱ्याला. दर आठवड्याला ते तिच्याकडे येतात. उद्या नव्या आइस्क्रीमच्या दुकानात भेटायचे. मुलगी पाहायला दुकानात! दादाला कसे चालले कोण जाणे.

१३ एप्रिल
दुकान झकास. टेबलांना काच, मागच्या अंगणात पॉट फिरवल्याची घरघर. वहिनीने आणि मी दोन प्रकार वाटून घेतले. व्हॅनिला: औषधाचा वास, पण जीव गार झाला. गुलाब: अत्तर खाल्ल्यासारखे. नापास.
वाम. यांनी सगळ्यांना मागवले, स्वतः फक्त चहा. "मले गोड चालत नाई." चहात साखर मात्र वरून मागून घेतली.

१९ एप्रिल
पुन्हा तिथेच. केशर-पिस्ता. दाट, दाताखाली पिस्ता. व्हॅ. मागे पडले.
वाम. आज म्हणाले, "दात दुखून राह्यला." आणि शेवेची बशी आली तशी कडाकडा चावून संपवली. मी वहिनीला कोपर मारला. बाहेर आल्यावर ती म्हणते, "असन बाई, एखाद्याले नाई आवडत."
माझ्या वर्गातल्या मुलींचे विचारत होते. नुसते विचारले नाही, ऐकलेही. माणूस आवडला. म्हणूनच शंका जास्त.

२६ एप्रिल
आंबा आला! पहिला नंबर आंबा, के.-पि. दुसरे. गुलाब तळाशीच.
मुद्दाम माझी वाटी त्यांच्यापुढे सरकवली. "एक चमचा तरी घ्या." ते काही बोलायच्या आत बहीणच, "त्याले थंड सोसत नाई, लहानपनापासून घसा धरते."
म्हणजे गोड नाही, दात नाही, आता घसा. मग ते खोकले. हळूच, तोंड फिरवून. रुमाल लगेच खिशात. क्षयाच्या शेवटच्या वर्षात बाबांचा रुमाल असाच खिशात जायचा. घरी कोणाला बोलले नाही.

३ मे
वहिनी आणि बहीण समोर बांगड्या पाहायला गेल्या. तेवढ्यात विचारले.
"थंड काऊन खात नाई? खरं सांगा."
टेबलाच्या काचेवर बोट फिरवू लागले. मग म्हणाले, "छातीची बिमारी होती. नागपूरच्या दवाखान्यात होतो, लई दिवस. सुया, गोळ्या, सारं झालं. डॉक्टर म्हनते आता साफ आहे, काईबी खा. मलेच भेव वाटते."
"सांगितलं काऊन नाई?"
"घरचे म्हनत, सांगशीन तं कोनी पोरगी देनार नाई." मग माझ्याकडे न बघता, "तुमी नाई म्हना. मी राग नाई धरनार."
आज चारोळीचे होते. वाटीतच पाणी झाले. चव कळली नाही, नंबर नाही.

४ मे
दादाला सांगितले. सायकल पुसत होता. पुसतच राहिला.
"मले मालूम आहे."
"कवापासून?"
"त्याइचा बाप पयल्यांदा आला तवापासून."
वहिनीला माहीत नव्हते. पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. दादा म्हणाला, "तुह्यं वय पाहून मी..."
मी त्या परक्या माणसाच्या बशा आणि रुमाल तपासत होते. आणि घरात...
दिवसभर दादाच्या तोंडाकडे पाहवले नाही.

७ मे
दादा म्हणतो, सुपारी फोडायला चिमूरला जायचे आहे, हो की नाही ते बोल.
मी म्हटले, "आधी नागपूर. त्याइच्या डॉक्टरच्या समोर मी बसीन, तेबी बसतीन. मंग सांगीन."
"पोरीची जात अशी जाते का कुठी?"
"जाते," वहिनी चुलीपासून म्हणाली. "मी राहीन ना तिच्यासंग."
दादा उठून बाहेर गेला. चपला दारातच.
वाम. यांना कालच बहिणीकरवी निरोप धाडला आहे, स्टेशनवर या म्हणून. "भाऊ येईनच," ती म्हणते. तिच्या बोलण्यावर कितपत जायचे? आणि आता दादाच्या तरी?
वहिनीने दशम्यांचे पीठ भिजवले. सकाळची गाडी. वाम. येतील की नाही, फलाटावर कळेल. डॉक्टरला काय काय विचारायचे ते मनाशी लावून पाहते आहे. पहिला प्रश्नच ठरत नाही.