किनवटपर्यंत पुरेल असा रेनकोट

प्रिय वैनी,

खरं सांगतो, हे पत्र मी लई दिवस टाळलं. आधी म्हटलं तुझं तेरावं होऊ दे. मग म्हटलं पेरणी होऊ दे. मग पेनची रिफिल संपली, ती आणायला गेलो तर स्टँडवर दोस्त भेटला आणि त्याच्यासोबत देगलूरलाच जाऊन आलो. रिफिल राहिलीच! तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. पण आता टाळता येत नाही. पंचमी तोंडावर आलीय आणि उद्या सकाळी मी निघतोय. शिरूर अनंतपाळहून किनवटला, तुझ्या माहेरी. चालत.

हसू नकोस. म्हणजे हस, पण ऐकून घे.

तुला भाऊ नाही, म्हणून पंचमीला तुला न्यायला कुणी मुराळी यायचा नाही. मग दरवर्षी मीच तुला पोचवायला यायचो. उलटा मुराळी! सगळ्या बायकांना माहेरचा माणूस न्यायला येतो, तुला सासरचा सोडायला. तुझी आई दारात उभी राहून म्हणायची, "आला बगा माझा जावयाचा भाऊ, पिशव्या उचलून दमला आसंल." आणि दोन दिवस मला इतकं खाऊ घालायची की परत येताना एसटीत बसवायचं नाही.

एका वर्षी खिडकीला नाक लावून तू म्हणालीस, "गण्या, गाडीतून सगळं पळतं. एकदा चालत जाऊन बगायला पायजे, आपली काळी माती कुठं सरती आन साग कुठून सुरू होतो." मी म्हटलं, "वैनी, माहेरची ओढ लई बघितली, पर पायी जाणारी तूच!" सगळी गाडी हसली. तू पण हसलीस. पण खिडकीतून डोळे काही काढले नाहीस.

गेल्या साली सोयाबीनची रास होईपर्यंत ताप अंगावर काढलास. कशाला? दादाला सांगायला काय झालं होतं? मला तरी सांगायचं! या एका गोष्टीसाठी मी तुझ्यावर अजून चिडून आहे, आणि चिडलेलाच राहीन. असो.

दोन महिन्यांपूर्वी तुझ्या आईला फोन केला. म्हटलं, पंचमीला येतो. ती म्हणाली, "आता कशाला येतोस बाबा? कुणाला घिऊन येणार?" आणि फोन ठेवला.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. लेकरू असतं तर त्याचं आजोळ म्हणून तरी जाणं-येणं राहिलं असतं. आता दोन्ही घरांच्या मधे आहे काय? दादाला म्हटलं, चल माझ्यासोबत. तो म्हणाला, "न्हाई. आपल्याला बगून त्या माउलीला आजून त्रास व्हायचा. तू बी जाऊ नको. हळूहळू सुटंल ते." सुटंल म्हणजे काय, वैनी? सुटायला ती काय गाठ आहे? एक पंचमी चुकली की दुसरी चुकते, मग लग्नाची पत्रिका तेवढी पोस्टाने जाते. मी तसं होऊ देणार नाही. म्हणून चालत. एसटीने गेलो तर ती म्हणेल, आला तसा जा. चालत आलेल्या माणसाला कोण दारातून परत पाठवतं?

तर रेनकोट. सगळं पत्र मी त्याच्यासाठीच लिहायला घेतलं होतं, आणि बघ कुठं भरकटलो!

आपल्या लातूरकडच्या माणसाला रेनकोट कळत नाही. पाऊस आला की आपण अंगणात जाऊन उभे राहतो. तू मे महिन्यात लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या पेटीत छत्री निघाली. आमच्या आईने कपाळाला हात लावला. पावसाआधी छत्री घरात आणली की पाऊस रुसतो, हा आपल्या घरचा कायदा! आणि नेमका त्या साली पाऊस लांबला. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "नव्या सुनंनं पाऊस पळीवला." तू पाणी भरता भरता म्हणालीस, "एका छत्रीला भिणारा पाऊस आमच्याकडं चालत न्हाई." चौथीतला मी, त्याच दिवशी तुझ्या पार्टीत आलो.

कायदा अजून चालू आहे. जूनमध्ये लातूरला गोलाईच्या बाजारात रेनकोट बघायला गेलो, तर दुकानदार म्हणतो, "पडू द्या की आधी! पडला की माल मागवतो."

मग नांदेडला गेलो. तिथल्या पोराने एक जाकीट दाखवलं, मुठीत मावेल एवढं. म्हणाला, "सर, पाणी आत येत न्हाई आन हवा खेळती." घेतलं. पण तपासायला पाऊस कुठं होता? आठ दिवस उघडीप. शेवटी सोयाबीनला स्प्रिंकलर लावले आणि जाकीट घालून, पाठीवर सॅक टाकून रानात फेऱ्या मारत बसलो. दादा बांधावरून ओरडला, "आरं, पीक भिजव म्हटलं हुतं, सोताला न्हवं!" रस्त्याने जाणारी म्हातारी थांबली. "गणूला काय लागिर झालं का काय?" दादा म्हणाला, "न्हाई मावशी, परीक्षा द्यायलाय. शाळेत दिली न्हाई, ती आता."

वैनी, तू गेल्यानंतर तो पहिल्यांदा असा बोलला. तेवढ्यासाठी तरी जाकिटाचे पैसे वसूल.

बाकी जाकीट नापास. बाहेरून थेंब आत आला नाही, पण तासाभरात मी आतून घामाने चिंब. आपल्याकडच्या उकाड्यात कसली हवा खेळते! ते परत केलं. शाळकरी पोरांचा जाड रेनकोट उचलून बघितला, तर नुसता त्यालाच हमाल लागेल. हिमाचलात एका ट्रेकवाल्याकडे मी सामान वाहिलंय. तिथे एक शिकलो, सकाळी हलकं वाटतं ते दुपारी जड होतं, आणि सकाळीच जड असेल ते दुपारपर्यंत रस्त्याकडेला पडतं.

शेवटी पोंचो घेतला. डोक्यातून घालायचा, माणूस आणि सॅक दोन्ही झाकतो, खालून वारा येतो. वाऱ्यात तो पतंगासारखा उडतो खरा, म्हणून कमरेला नाडी बांधणार. किनवटच्या जंगलात काट्याने फाटला तर चिकटपट्टी घेतलीय. पायाला काही नाही, हाफ पँट. पाय धुतले की कोरडे! आणि सॅकच्या आत खताच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी, स्वच्छ धुऊन. नांदेडच्या दुकानात तसली पिशवी फॅन्सी नावाने विकतात.

त्या पिशवीत काय ठेवलंय, माहीत आहे? एक कोरडा सदरा. तू नाही का, एक साडी प्लास्टिकमधे गुंडाळून तळाशी ठेवायचीस? एसटी कितीही गळो, किनवटच्या स्टँडवर बदलून मगच घरी. "भिजून गेलं की आई रडती," म्हणायचीस. मी पण स्टँडवर सदरा बदलूनच दारात उभा राहीन. रडली तर माझ्या ओल्या कपड्यामुळे नको.

रस्ता ठरलाय. उदगीर, मुखेड, नायगाव, मग गोदावरी ओलांडून उमरी, भोकर, हिमायतनगर. काळ्या मातीत बुटाला चिखलाची भाकरी चिकटेल, एक-दोनदा रस्ता चुकेन, कुणाच्या तरी ओट्यावर गप्पा मारत अर्धा दिवस घालवीन. पण पोचणार, वैनी. यात शंका नको.

आणि शब्द देतो. माती कुठं सरते ते बघून येईन, आणि तुझ्या आईला दारातूनच सांगेन, कुणाला घेऊन नाही आलो, मीच आलोय. पुढच्या पंचमीलाही येईन. ती नको म्हणाली तरी.

तुझा,
गण्या

ता. क. वैनी, पत्र घडी करत होतो आणि दारात रिक्षा थांबली. तुझी आई उतरली. एकटी, हातात पिशवी. दादाने माझं चालणं तिला फोनवर सांगितलं म्हणे, मला पत्ता नाही! आल्या आल्या ओरडली, "चालत येतो म्हणं! आन मी आठ दिस दारात बसून रस्ता बगू? कुटाय तो येडा?" दादा अनवाणीच अंगणात धावला. मी अजून आतच आहे. जातो.