नळीची वेलांटी

सानगडी, १४ मार्च १९८१

तीर्थस्वरूप धनीरामभाऊंस धाकट्या कवडूचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची, वहिनींची आणि आईची प्रकृती ठीक असावी. इकडे सर्व कुशल आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. मला घरजावई म्हणून धाडताना तुम्ही म्हणालात, "तुले राजावानी ठेवतील." तर हा राजा सासऱ्यांच्या दारातल्या विहिरीचे पाणी ओढून, गुंड (म्हणजे घागर) खांद्यावर घेऊन सांदवाडीतली (म्हणजे घरामागची बाग, तुम्हाला ठाऊक आहे, पण शब्द नीट लिहिलेला बरा) वांगी शिंपतो. वाढतानाही आधी वांग्यांची चौकशी होते, मग माझ्या ताटाची.

म्हणून म्हटले, अक्कल दाखवावी, म्हणजे या घरात आपल्याला थोडी किंमत येईल. विहिरीजवळ माचीवर जुना ड्रम चढवला, बुडाशी नळी बसवून ती मागे नेली, तापल्या दाभणाने भोके पाडली, सांध्याला सायकलची ट्यूब आवळली. (पहिल्या वांग्याला पूर आला, शेवटचे कोरडे राहिले. मग ड्रमाजवळची भोके लाखेने अर्धी बुजवली.) पाणी थेंब थेंब पडू लागले. सासूबाई हरखून शेजारच्या मालनबाईंना सांगून आल्या, "जवायानं नळी लावली."

भाऊ, या गावात शुद्धलेखनाला कोणी विचारत नाही. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाताना दुसरी वेलांटी गळाली आणि नळीचा नळ झाला. सकाळी दारात गुंडांची रांग! मी हात जोडून म्हणालो, नळ नाही, नळी आहे, ळ-ला दुसरी वेलांटी. मालनबाई म्हणाल्या, "जवाईबापू, वेलांटी तुमच्यापाशी ठेवा, पानी आमाले द्या."

सासरे गोमाजी खरे सांगतील अशी आशा होती. त्यांनी रांग पाहिली, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "माह्या घरचा नळ हाये. भरा, बायांनो!" तेव्हापासून नळीचे तोंड दाराकडे वळले आणि मी ड्रमाआड उभा राहून गल्लीसाठी पाणी ओढून ड्रमात ओततो. धार बारीक झाली की पलीकडून आवाज येतो, "काहून जी, नळ झोपला काय?" तो नळ म्हणजे मी. वांगी वाळली. त्याचा दोष माझ्याच भोकांवर आला.

आपला आज्ञाधारक,
कवडू

ता. क. : तुम्ही अत्यवस्थ आहात, कवडू व सौ. पुष्पाला ताबडतोब पाठवा, असे कार्ड गोमाजींच्या नावे टाकावे. कार्ड दुसऱ्या कोणाच्या अक्षरात असावे. अत्यवस्थ माणूस स्वतः लिहीत नसतो. आम्ही दोघे ओसरीत झोपू, पण परत येणार नाही.

ता. क. दुसरे : आत्ताच पुष्पाला हळूच विचारले. ती म्हणाली, "तुमच्या दिघोरीले नळ हाये काय? इथं बाया मले उठून बसाले पाट देऊन राहिल्या." तरी तुमच्या शुश्रूषेला एकच माणूस पुरे आहे, असे कार्डात स्पष्ट लिहावे.