ओठ वाचता येतील अशी प्रत

प्रिय भिंगरी,

तुझे तिन्ही निरोप मिळाले. मागणी एकच: आईच्या शेवटच्या चित्रणाची स्वच्छ प्रत पाठव, माझ्याकडच्या फाइलमध्ये तिचे ओठ दिसत नाहीत. मी कधी शोधतो म्हणालो, कधी काम आहे म्हणालो. काम होतंही. आठवडाभर स्टुडिओत कोडेक तपासत होतो, म्हणजे चित्रण कुठल्या पद्धतीने आवळून साठवायचं ते. एडिटिंगचा कोडेक जड, फाइल हत्तीएवढी, पण केस न् केस शाबूत. एच २६५ अगदी थोड्या जागेत मावतो, पण जुन्या फोनवर उघडतच नाही. एच २६४ म्हणजे गरीब गाय, कुठेही बांधा. मात्र फार आवळलं की तो काटकसर करतो. जिथे फारसं हललं नाही तिथे मागचाच तुकडा पुढे ठेवून देतो. हे स्टुडिओतल्या सगळ्यांना समजावताना माझी जीभ अडखळत होती.

गळ्याच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला, तेव्हा तू चार महिने तिच्यापाशी बसून ओठ वाचायला शिकलीस. मी मेला आळशी, वही-पेन्सिल पुढे करायचो. तुम्ही दोघी माझ्यादेखत माझ्यावरच हसायचात आणि मला पत्ता नसायचा. मग तू नोकरीसाठी लांब गेलीस. त्या दुपारी तिला पेन्सिल धरवेना. तिने वही सारली, कॅमेऱ्याकडे बोट केलं, मग तुझ्या फोटोकडे. पडदे ओढलेले, उजेड बेताचा. दीड मिनिट ती तुझ्याशी बोलली आणि मी फोकस सांभाळत राहिलो.

तुझ्या जुन्या फोनवर लगेच उघडावं म्हणून मी ते एच २६४मध्ये काढलं, आणि नेट मंद होतं म्हणून आवळ आवळ आवळलं. तिचे ओठ हलत होतेच किती! कोडेकच्या लेखी ते हललेच नाहीत. तुझ्या फाइलमध्ये ती नुसती पापण्या मिटते.

आणि मूळ प्रत नाहीये गं. दुसऱ्या सकाळी कामाला कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड हवं होतं. तुला फाइल पोचलेली पाहिली, कार्ड पुसलं आणि दिवसभर त्यावरच चित्रण केलं. मूळ प्रत पुसू नका म्हणून जगाच्या कानीकपाळी ओरडणारा मी! दोन दिवसांनी आई गेली. ती काय म्हणाली ते आता कुणालाच ठाऊक नाही, आणि ते माझ्यामुळे. हे तुला फोनवर सांगायचं धाडस झालं नाही.

सोबत ड्राइव्ह पाठवतोय. फोनला लावू नकोस, चांगल्या कॉम्प्युटरवर बघ. मला शब्द कळले नव्हते, पण दीड मिनिट मी तिचा चेहराच बघत होतो. आरशापुढे बसून तिचे ओठ आठवतात तसे हलवले, आधी दोनदा मिटलेले, मग गोल, मग थोडे थरथरलेले, आणि ते चित्रित केलं. जेमतेम अकरा सेकंद जमलं. त्यात काही वाचता येतं का बघ. नाही आलं तर मला हव्या तेवढ्या शिव्या दे. यावेळी जड कोडेकमध्ये ठेवलंय, काही आवळलेलं नाही. ओठ नीट दिसावेत म्हणून मिशीही काढली आहे.

तुझाच,
दादा