वहिनी आज बोलल्याच नाहीत

अंबरनाथ पूर्व, रविवार संध्याकाळ

वर्षभर मीच ओरडत होते, सेवा मंडळात नवीन माणसं आणा म्हणून. आजच्या सभेला उल्हासनगरहून कविता आली, सोबत सात मैत्रिणी घेऊन. सगळ्या सिंधी, सगळ्या उत्साही. आरोग्य शिबिराची निम्मी कामं त्यांनी तिथेच वाटून घेतली. मी अध्यक्ष, मला आनंदच व्हायला हवा. झालाही.

पण सभा कधी हिंदीत गेली ते कळलंच नाही. कुलकर्णी वहिनी पहिल्या दिवसापासून मंडळात आहेत, आज एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी त्यांना थांबवावं लागतं! जिन्यात विचारलं तर म्हणाल्या, "घरी सुनेशी, नातवाशी हिंदीच बोलते गं. इथे येऊन जरा मोकळं वाटायचं."

सगळ्यांना मराठीतच बोला म्हणू? मग कविता आणि तिच्या मैत्रिणी कशाला येतील? पण वहिनी, आणि एक शब्द नाही?

आत्ता कविताचा फोन आला. "दीदी, वो आंटी चुप थीं. हमसे नाराज हैं क्या?"

"नहीं गं, थक गई होंगी," असं म्हणून गेले.

हे खोटं कशासाठी बोलले मी? कविताला वाईट वाटू नये म्हणून, की वहिनी मंडळ सोडून गेल्या तरी चालेल असं आत कुठेतरी ठरून गेलंय म्हणून?