पिंपात वाढलेलं पाणी

नेलिदा,

मी खाली लिमात कामावर जातेय. बटाटे कपभर पाण्याच्या वाफेवर शिजवलेत. उरलेल्या पाण्यात ताटल्या विसळ आणि तेच मग कुंडीतल्या जिरेनियमला घाल.

सोमवारी मी पिंपावर कोळशाने रेघ मारली होती. तेव्हापासून टँकर आलेला नाही, आपण रोज पाणी उपसतोय, तरी ते रेघेच्या चार बोटं वर! या टेकडीवर सख्खी बहीणसुद्धा तांब्याभर पाणी फुकट देत नाही. आणि परवापर्यंत मला ‘ए बाई’ म्हणणारा टँकरवाला रुफिनो काल रस्त्यात ‘आई’ म्हणाला.

मी दूधखुळी नाही. त्याला सांग, ‘रविवारी दिवसाढवळ्या माझ्यासमोर ये. येताना बादली नको, तुझ्या आईला आण.’

— आई